सातच्या आधी शक्य न्हाय

नवी पेठेत कापडाच्या दुकानांची रांग संपते तिथून डाव्या हाताला एक बोळ आत जातो. त्या बोळात चनबसप्पा हत्तुरे गेली तीस वर्षं फ्रीज दुरुस्त करतो. नववीत शाळा सुटली, मामाच्या दुकानात गॅस भरायला शिकला आणि पुढं सोलापूरच्या उन्हाळ्यानंच त्याला जगवलं. हैदराबादच्या पलीकडं तो कधी गेलेला नव्हता. तरी टोरांटोहून सोलापूरला यायला किती तास लागतात, सिंगापूरहून किती, लंडनहून किती, हे सगळ्या शहरात त्याच्याइतकं नेमकं कुणाला सांगता येत नसे. त्याला कारण त्यानं बनवलेली पेटी.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका घरातून त्याला बोलावणं आलं. वारलेल्या आजोबांना बर्फाच्या पेटीत ठेवलं होतं आणि पेटी बंद पडली होती. घर लिंगायताचं. लिंगायतांत माणसाला बसवून नेतात आणि बसवूनच माती देतात. नातू लंडनहून येईस्तोवर आजोबांना दीड दिवस आडवं ठेवलेलं. नातू आला, पण आजोबा काही बसेनात. चौघांनी मिळून गुडघे दुमडले तेव्हा बायकांनी तोंडात पदर धरले. चनबसप्पा पान्हा हातात घेऊन भिंतीला टेकून उभा होता. त्यानं हाडांचा तो आवाज ऐकला.

घरी येऊन दोन दिवस तो नीट जेवला नाही. मग त्यानं मिठाईच्या दुकानातलं जुनं काचेचं कपाट मिळवलं, थंड बाटल्यांच्या मोडक्या फ्रीजचा कॉम्प्रेसर काढला आणि महिनाभर खपून एक उभी पेटी बनवली. आत पाट, पाठीला टेकायला फळी, कमरेला बांधायला सुती पट्टा, समोर दुहेरी काच. माणूस मांडी घालून बसलेला दिसायचा, कपाळावर विभूती, गळ्यात हार. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पूजेला बसलाय.

पेटी मागायला कुणी आलं की चनबसप्पाचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "लेकरू कुटं असतंय?"

त्यावर जनित्र आणायचं की नाही, एक दिवस बसायचं की दोन, हे ठरायचं. दुबई म्हटलं की तो चौदा तास सांगे. लंडनला बावीस, टोरांटोला तीस. पोरं फोनवर बघून म्हणत, "काका, इथं तर सोळाच तास दाखवतंय." चनबसप्पा मान हलवत असे. "ते विमान उडल्यापासनं उतरेपर्यंतचं हाय. रजा मिळायची, तिकीट गावायचं, मधल्या गावात दुसऱ्या विमानाची वाट बघायची, शिक्का मारायच्या रांगेत उभारायचं, आन् मग हैदराबादहून गाडी. ते कोण धरणार?" आणि माणूस बहुतेक वेळा त्यानं सांगितलेल्या तासालाच दारात उतरे. मग लोक भटजीला मुहूर्त विचारावा तसं त्याला विचारायला लागले. विधी करणारे स्वामी विचारत, खड्डा घेणारे विचारत. त्याला त्याचा थोडा गर्वही झाला होता. हे त्यानं पुढं स्वतःच कबूल केलं.

होटगी रस्त्याला सुंदरम्मा बाई राहत. कन्नड शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. त्यांचा फ्रीज पंचवीस वर्षांचा. तो बदलायला त्या तयार नसत आणि चनबसप्पाला दर उन्हाळ्यात एक फेरी पडे. मुलगा मल्लेश अमेरिकेत, सिअ‍ॅटलला. मुलगी दानेश्वरी गावातच, दोन गल्ल्या सोडून दिलेली. गेल्या मे महिन्यात चनबसप्पा फ्रीजच्या मागं वाकून बसला असताना बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि सहज विचारलं, "चनबसप्पा, माझ्या मल्लेशला यायला किती तास धरशील रे?"

"असलं काय इचारता, बाई?"

"सांग की. चौदा हजार किलोमीटर आहे म्हणतात."

त्यानं हसण्यावारी नेलं, तरी तोंडातून आकडा निघून गेलाच. "चौतीस-छत्तीस धरा."

"तेवढं थांबेन की मी," बाई म्हणाल्या. "शाळेत पालकांची वाट बघण्यात जन्म गेलाय माझा."

दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. मंगळवारी सकाळी सहाला दानेश्वरीच्या नवऱ्याचा, शिवकुमारचा फोन आला. बाई देवपूजेला उठल्या आणि तिथंच बसल्या बसल्या गेल्या. "मल्लेशला कळवलंय. तो निघतोय. पेटी लागेल."

चनबसप्पा टेम्पोत पेटी घालून गेला. बाईंना आत बसवताना त्यानं स्वतः पट्टा बांधला. दानेश्वरीनं सांगितलं तशी पेटी दाराकडं तोंड करून ठेवली. मल्लेश येईल तो समोर दिसला पाहिजे. बाईंचा एक डोळा पुरता मिटत नव्हता. दोनदा त्यानं पापणी खाली ओढली, दोनदा ती थोडी वर गेली. मग त्यानं नाद सोडला आणि काच लावली.

"काका, कधी पोहोचेल तो?" दानेश्वरीनं विचारलं.

त्यानं बोटांवर मोजलं. रात्री दुबईला, उद्या सकाळी मुंबईत, तिथून गाडीनं आठ-नऊ तास. "उद्या संध्याकाळी सात."

मंगळवार गेला. बुधवारी पहाटे दुबईहून मल्लेशचा फोन आला, "विमानात बसतोय, अव्वाला सांग." सांगायचं कुणाला, हे त्याच्याही लक्षात आलं नसावं. पण दानेश्वरी आईपाशी, काचेजवळ गेली आणि तिनं खरंच सांगितलं.

त्या दिवशी उन्हानं भाजून काढलं. आठ वाजल्यापासून विजेचा दाब खालीवर होत होता, कॉम्प्रेसर तापून बंद पडायचा, चनबसप्पा ओला फडका टाकून त्याला पुन्हा चालू करायचा. काचेवर आतून वाफ धरायची. ती पुसायला दार उघडावं तर थंडी जायची. रात्रभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि समोर बाईंचा तो अर्धा उघडा डोळा. कुठंही बसलं तरी त्या आपल्याकडंच बघतायत असं त्याला वाटत राहिलं. आजवर पन्नासएक माणसं त्यानं त्या पेटीत बसवली होती. असं कुणाचं वाटलं नव्हतं.

साडेदहाला बाईंचे भाऊ प्रभुलिंगमामा वळसंगहून आलेल्या माणसांना घेऊन ओसरीत बसले. मामा म्हणाले, "सातला पोरगं येनार, म्हंजी अंधार. अंधारात माती देत न्हाईत. मग उद्यावर जातंय. तिसरा दिवस. ताईचे हाल किती करायचे?"

शिवकुमार म्हणाला, "मामा, मुंबई-सोलापूर विमान सुरू झालंय की आता. त्यानं आला तर दुपारीच येईल."

सगळे चनबसप्पाकडं बघायला लागले.

चनबसप्पाला त्या विमानाचं काही ठाऊक नव्हतं. सुरू झालंय एवढं कानावर होतं. ते कुठल्या वारी येतं, किती वाजता येतं, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. फोन खिशात होता, दोन मिनिटांचं काम होतं. पण अठ्ठावीस तासांचा जागा माणूस, चटके देणारा कॉम्प्रेसर, आणि आजवर सहसा न चुकलेला आकडा. तो म्हणाला, "त्याचं जुळत न्हाय. बाहेर पडायलाच तीन तास जात्यात तितं. सातच्या आधी शक्य न्हाय."

दानेश्वरी दारात उभी होती. तिच्या हातात फोन होता. मामांनी धोतर झाडलं आणि उठून म्हणाले, "विमान बांधायला घ्या." बसवून न्यायच्या सजवलेल्या पालखीला त्यांच्यात विमानच म्हणतात.

साडेबाराला बाईंना पेटीतून काढलं. दीडला रुद्रभूमीत, लिंगायतांच्या दफनभूमीत पोचले. स्वामींचे मंत्र झाले, बाईंना खड्ड्यात उतरवून कोनाड्यात बसवलं, विभूती आणि बेल वाहिले. लोक मूठमूठ माती टाकायला लागले तेव्हा वरून आवाज आला. पंखांखालची अक्षरं वाचता यावीत इतक्या खाली एक छोटं विमान होटगीच्या धावपट्टीकडं उतरत होतं. माणसांनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. एक बाई म्हणाली, "ह्येच का ते मुंबईचं?" चनबसप्पाच्या हातात माती होती. विमान दिसेनासं होईपर्यंत त्यानं मूठ सोडली नाही. मग त्यानं ती माती टाकली.

मल्लेश पावणेतीनला घरी आला. पाठीवर बॅग, हातावर जाड कोट, दाढीचे खुंट वाढलेले. अंगणात लोक पाय धूत होते. दिवाणखान्यात पेटी तशीच होती, दार उघडं, काचेवरून पाणी ओघळत असलेलं. मल्लेश तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"अव्वा कुठंय?"

मग मामांनी त्याला कवटाळलं आणि हंबरडा फोडला. त्यावरूनच त्याला कळलं.

मुंबईत उतरल्यावर बाहेरच्या फलकावर त्यानं सोलापूर हे नाव वाचलं होतं आणि धावतपळत जाऊन शेवटची जागा मिळवली होती. अमेरिकेतलं सिम चालेना, म्हणून एका प्रवाशाच्या फोनवरून बहिणीला फोन केला होता. रडारडीत तिनं उचलला नाही. अकरा वाजून दहा मिनिटांचा तो अनोळखी नंबर नंतर तिच्या फोनवर सापडला.

मल्लेशनं कुणाला दोष दिला नाही. चनबसप्पाला तर त्यानं हात जोडले, म्हणाला, "काका, एवढा वेळ अव्वाला सांभाळलंत." चनबसप्पानं पेटी टेम्पोत चढवली आणि दुकानात आणून ठेवली. कामाला बसला तर स्क्रू दिसेना.

तिसऱ्या दिवशी मल्लेश स्वतः दुकानात आला. "काका, जरा रुद्रभूमीत येता का माझ्याबरोबर? घरचं कुणी नको."

दोघं रिक्षानं गेले. मातीचा उंचवटा अजून ओला होता, झेंडूची फुलं करपली होती. मल्लेश उकिडवा बसला. मग म्हणाला, "एक सांगायचं होतं. ताईला सांगू शकत नाही."

"सांग की."

"मी खिडकीत होतो. विमान खाली आलं तेव्हा हे मैदान दिसलं. पांढऱ्या टोप्या, मधे खड्डा, बाजूला फुलांचं विमान. माझ्या मनात आलं, बिचारं कोण गेलं असेल. आणि मी हात जोडले." त्यानं करपलेलं एक फूल उचललं. "आमच्या घरच्याच कुणाला तरी हात जोडावेत तसे नाही. परक्याला जोडतात तसे."

चनबसप्पाचे ओठ हलले. 'शिवकुमारनं मला इचारलं होतं,' एवढं वाक्य जिभेवर आलं. नेमकं तेव्हाच आकाशात घरघर सुरू झाली. दोघांनी वर बघितलं नाही. आवाज डोक्यावरून गेला, विरला, आणि ते वाक्य तिथंच राहिलं.

पंधरा दिवसांनी मल्लेश परत गेला.

त्यानंतरचे दोन महिने चनबसप्पाचे कसे गेले ते त्याची बायको नागव्वाच जाणे. दुपार झाली की तो पान्हा खाली ठेवून थांबायचा. विमान ज्या दिवशी नसे त्या दिवशीही थांबायचा आणि त्या दिवशी त्याला आवाज जास्तच स्पष्ट येत असे. दुकानाच्या मागच्या बाजूला पेटी उभी होती. रस्त्यावरचं ऊन काचेवर पडलं की आत कुणीतरी मांडी घातलेलं दिसे. जवळ गेलं की स्वतःचंच प्रतिबिंब. पण आपण तर उभे आहोत, मग बसलेलं कोण, हा प्रश्न त्याला दर वेळी पडे. त्यानं पेटीवर चादर टाकली. चादरीखालून काच घामेजायला लागली. वीज जोडलेली नसताना. कोरड्या फडक्यानं पुसली की सकाळी पुन्हा ओल. त्यानं सगळी रबरं काढून तपासली, गॅसची नळी बघितली. तीस वर्षांच्या अनुभवाला त्याचं कारण सापडलं नाही. शेवटी त्यानं पेटी भिंतीकडं तोंड करून ठेवली.

"काच भिंतीकडं का केलीस?" नागव्वानं विचारलं.

"धूळ बसती."

"धुळीला घाबरनारा मानूस तू न्हाईस," ती म्हणाली.

मधे तीन घरांतून पेटीला मागणं आलं. तिघांनाही त्यानं बिघडलीय म्हणून सांगितलं.

संक्रांतीनंतर एकदा तो नागव्वाला म्हणाला, मुंबईला एक पार्ट बघायला जातो. रेल्वेनं गेला. स्टेशनवरून थेट विमानतळावर. तिकीट एका ओळखीच्या पोरानं काढून दिलं होतं, फक्त यायचं. जन्मात पहिल्यांदा तो विमानात बसला. पट्टा कमरेला आवळताना त्याचे हात थांबले. शेजारच्या माणसानं विचारलं, "भीती वाटतीय का काका?" त्यानं नाही म्हणून मान हलवली.

तासाभराचा प्रवास. तिथं आठ-नऊ तासांची गाडी धरून त्यानं लोकांची आयुष्यं मोजली होती. विमान खाली यायला लागलं तसं त्यानं कपाळ खिडकीला टेकवलं. तुरीची शेतं, उसाचे हिरवे तुकडे, तलावाचं पाणी, रस्ता. मग ते कुंपण, चुन्यानं रंगवलेल्या समाध्या, एका कोपऱ्यात अजून न बांधलेला मातीचा उंचवटा. मैदानात कुणी नव्हतं. फक्त त्या उंचवट्यापाशी कुणीतरी एक जण होतं. बाई की पुरुष ते कळलं नाही. बसलेलं होतं, एवढं कळलं. तीन श्वास घेईपर्यंत मैदान दिसलं, मग पंखाखाली गेलं.

तो बाहेर आला आणि रिक्षा करून सरळ दानेश्वरीच्या घरी गेला. ती धान्य निवडत होती. त्यानं पाणीही घेतलं नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "ताई, त्या दिवशी शिवकुमारनं विमानाचं इचारलं तवा मला कायबी म्हायती नव्हतं. मी बघितलंबी न्हाय. उगं सांगून टाकलं, शक्य न्हाय म्हणून. मी दमलो होतो. मला बाईंच्या म्होरं बसवत नव्हतं. बघितलं असतं तर थांबला असता तुमी."

दानेश्वरीनं सूप बाजूला ठेवलं. ती बोटाला लागलेला भुसा पुसत राहिली.

"मी दारातच होते काका," ती म्हणाली. "ह्यांनी विचारलेलं मी पण ऐकलं. माझ्या हातात पण फोन होता की. मी का नाही बघितलं? दोन दिवस अव्वाला तसं बघून... मला पण संपायला पाहिजे होतं सगळं. तुम्ही शक्य नाही म्हटलात, मला बरं वाटलं. हे कुणाला सांगू मी?"

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजत आले होते.

"मल्लेशला सांगतो," चनबसप्पा म्हणाला. "पण तितं आता रात्र आसंल."

"जागा असतो तो. इकडं दोन वाजले की तिकडं झोप येत नाही त्याला." तिनं फोन लावून त्याच्या हातात दिला.

चनबसप्पानं सगळं सांगितलं. जसं घडलं तसं, कॉम्प्रेसरच्या चटक्यासकट, स्वतःच्या गर्वासकट. आज विमानातून आलो, हेही सांगितलं. मग फोन कट झाला की काय म्हणून त्यानं तो कानापासून काढून बघितला.

"काका," शेवटी मल्लेश म्हणाला, "मैदान दिसलं का तुम्हाला?"

"दिसलं."

"माणसं ओळखू येतात का हो तिथून? नीट बघितलं तर?"

"न्हाय बाबा. जवळचं मानूस आसलं तरी वळखू येत न्हाय."

"कुणी होतं का तिथं?"

चनबसप्पानं डोळे मिटले. "कुनीतरी बसलं हुतं," तो म्हणाला. मग पलीकडून जो आवाज आला तो ऐकून दानेश्वरीनं फोन त्याच्या हातातून घेतला आणि आतल्या खोलीत गेली. मल्लेश अंत्यसंस्कारानंतरच्या त्या पंधरा दिवसांत एकदाही रडला नव्हता, हे तिनं नंतर सांगितलं.

फाल्गुनात तुळजापूर वेशीतून एक माणूस दुकानात आला. वडील गेले होते, बहीण सिडनीला. पेटी मिळेल का, आणि तिला यायला किती तास धरायचे.

"पेटी आनतो," चनबसप्पा म्हणाला. "तासाचं मला इचारू नका. तिला इचारा. कुटं उतरली, कशात बसली, दर टप्प्याला इचारा. न्हाय लागला फोन तरी थांबा."

"अंधार झाला तर?"

"कंदील लावू."

माणूस गेला. चनबसप्पानं पेटीवरची चादर काढली, पेटी भिंतीपासून फिरवली. काच आतून ओली होती. त्यानं दार उघडून ती पुसली, पाट पुसला, पट्टा धुऊन वाळत घातला. टेम्पो येईस्तोवर तो उघड्या दारापाशी उभा राहिला आणि आत कुणी नाही हे दोनदा बघून मगच त्यानं ते लावलं.